गेम तर बनला, पण पैसा कुठून येतो आणि कुठे जातो?

मागच्या महिन्यात या सदरात घरून अ‍ॅप बनवणाऱ्यांच्या जीएसटीबद्दल चार ओळी काय लिहिल्या, मेलबॉक्स गेमवाल्यांनीच भरून टाकला. सगळे नाशिकचेच, अंबड, सातपूर, कॉलेज रोड, पंचवटी, नाशिकरोड, एक सिन्नरहून पण. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं सगळ्यांची काढलीत. वाचताना एक जाणवलं, गेम कसलाय ते लोक पानभर सांगतात, लेव्हल किती, कॅरेक्टर कोण, म्युझिक कुणाचं, पण खेळणाऱ्याचा रुपया कुठून आत येतो आणि तो परत कुणाच्या खिशात जाऊ शकतो का, हे कुणी सांगतच नाही. मला तर आधी तेच बघावं लागतं. आज कायदा, टॅक्स आणि स्टोअरचे नियम, तिन्ही त्या एका रुपयाच्याच मागे फिरतात.

प्रश्न : आम्ही दोघं मित्र अंबड एमआयडीसीत नोकरी करतो. रात्री बसून द्राक्षबागेचा गेम बनवलाय, छाटणी, थिनिंग, डिपिंग, मध्येच अवकाळी पाऊस, सगळं आहे. फ्री ठेवायचा आणि जाहिराती टाकायच्या, शिवाय 100 रुपयाचा एक पॅक विकायचा असा विचार आहे. त्या 100 मधले हातात किती पडतात? आणि सुरुवातीला खर्च काय?

आयडिया आवडली राव, अवकाळीचा भाग तर निफाडच्या माणसाला रडवेल. आता हिशोब.

गुगल प्लेचं डेव्हलपर खातं 25 डॉलर, एकदाच. अ‍ॅपलचं 99 डॉलर, दरवर्षी. त्यामुळे आधी अँड्रॉइडच करा, आयफोनचं नंतर बघू. खातं वैयक्तिक नावाने काढलं (आणि ते 13 नोव्हेंबर 2023 नंतरचं असेल, तुमचं असणारच) तर गेम सगळ्यांसाठी खुला करायच्या आधी किमान 12 टेस्टर सलग 14 दिवस जोडलेले लागतात. आधी हा आकडा 20 होता, मग कमी केला. ऐकायला सोपं वाटतं, पण मधेच दोघं अनइन्स्टॉल मारून टेस्टिंगमधूनच बाहेर पडले तर गाडी अडते, म्हणून 12 च्या जागी 18-20 जण धरा, आणि नुसते मित्र नकोत, खरोखर खेळणारे धरा, कारण टेस्टिंगमध्ये काय कळलं ते गुगल नंतर लिहून मागतं. कंपनीच्या नावाने खातं काढलं तर ही अट नाही पण मग डी-यू-एन-एस नंबर (कंपनीची ओळख पटवणारा) लागतो, त्याची वेगळी वाट बघा.

आता ते 100 रुपये. पॅकची किंमत जीएसटी धरून 100 असेल तर 18 टक्के जीएसटी आतूनच जातो, म्हणजे मूळ किंमत साधारण 85. वर स्टोअरचं कमिशन. गुगलचा जुना दर 30 टक्के, पण 2021 पासून वर्षाच्या पहिल्या 10 लाख डॉलर कमाईवर 15 टक्के. हे 15 आपोआप लागत नाही हां, कन्सोलमध्ये जाऊन अकाउंट ग्रुप बनवून त्यात नाव नोंदवावं लागतं, नाहीतर 30 कापत राहतील. सगळं धरून हातात 70 च्या आसपास. त्यातून सर्व्हरचं भाडं, आर्टिस्टचे पैसे आणि मग तुमचा इन्कम टॅक्स. तुमची उलाढाल 20 लाखाच्या खाली असेल तर जीएसटी नोंदणीचं गणित थोडं बदलतं, ते सीएच्या समोर बसून करा, यूट्यूबवर बघून नको.

या कमिशनवर आपल्याकडे भांडणं झालीत. कॉम्पिटिशन कमिशनने ऑक्टोबर 2022 मध्ये गेममधला पैसा प्लेच्याच बिलिंगमधून घ्यायच्या सक्तीसाठी गुगलला 936 कोटींचा दंड ठोठावला, अपिलात मार्च 2025 मध्ये तो 216 कोटींवर आला. दुसरं बिलिंग वापरायची मुभा मिळाली पण त्यातही गुगल फक्त 4 टक्के सोडतं, म्हणजे 15 च्या जागी 11, आणि वरून पेमेंट गेटवेवाला त्याचे 2 टक्के घेणारच. छोट्या गेमला त्या झंझटीत पडायची गरज नाही असं माझं मत.

जाहिरातींचं सांगतो. अ‍ॅडमोबमध्ये (गेममध्ये जाहिराती दाखवायची गुगलची सेवा) 10 डॉलर जमले की पत्ता तपासायला पिनचं पत्र येतं, साध्या टपालाने, त्यामुळे बिल्डिंगचं नाव, विंग, जवळची खूण नीट टाका, सिडकोत एकसारख्या चौकांच्या नादात ती पत्रं फिरत राहतात. 100 डॉलर झाल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सोसायटीच्या ग्रुपवर "आमच्या गेममधल्या जाहिरातींवर क्लिक करा" असा मेसेज टाकू नका! बहिणीने प्रेमाने रोज 40 क्लिक केले तरी ते गुगलच्या दृष्टीने इनव्हॅलिड ट्रॅफिक, खातं बंद होतं आणि अपील बहुतेक वेळा निष्फळ.

भारतात डाउनलोड चिक्कार आणि पैसे कमी, हे दुखणं सगळ्यांचंच. आपल्याकडच्या हजार जाहिराती दाखवून जे मिळतं त्याच्या कितीतरी पट अमेरिकेतल्या हजारावर मिळतं. म्हणून गेमला इंग्रजी ठेवाच, मराठी तर हवीच. आणि दरवर्षीचा एक खर्च लोक विसरतात, 31 ऑगस्टच्या सुमारास गुगल गेम किमान कुठल्या अँड्रॉइड व्हर्जनला धरून बनवलेला हवा ती अट वर सरकवतं, 2025 ला नव्या गेमसाठी आणि अपडेटसाठी ती अँड्रॉइड 15 वर गेली, जुना गेम फार मागे राहिला तर नव्या फोनवर नव्या खेळणाऱ्यांना तो दिसणंच बंद. म्हणजे गेम एकदा बनवून सोडून दिला असं होत नाही, दरवर्षी महिनाभर त्यालाच द्यावा लागतो.

प्रश्न : मी नाशिकरोडला राहतो, तीन पत्तीचा गेम आहे माझा, चार वर्षं चालू आहे. चिप्स विकतो पण पैसे काढता येत नाहीत, एक रुपयासुद्धा बाहेर जात नाही. 2025 चा कायदा मला लागतो का? वकील म्हणतात लागतो, दुसरे म्हणतात नाही लागत.

भाऊ, दोन्ही वकिलांची मला दया येते, कारण प्रश्न खरंच अवघड आहे. जरा सविस्तर सांगतो.

ऑनलाइन गेमिंगच्या प्रोत्साहन आणि नियमनाचा हा कायदा लोकसभेत 20 ऑगस्ट 2025 ला, राज्यसभेत 21 ला मंजूर झाला आणि 22 ला राष्ट्रपतींची सही झाली. तीन दिवसांत सगळं. त्याने गेमचे तीन डबे केले, ई-स्पोर्ट्स, सोशल गेम आणि मनी गेम. पहिल्या दोघांना प्रोत्साहन, तिसऱ्यावर बंदी. आणि तिसऱ्या डब्यात टाकताना जुना कौशल्य की नशीब हा वादच काढून टाकला. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने 1957 मध्ये चमारबागवाला प्रकरणात कौशल्याच्या स्पर्धा जुगारापासून वेगळ्या ठरवल्या, 1968 मध्ये रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असं म्हटलं, आणि पुढची पन्नास वर्षं सगळी रमीवाली मंडळी त्याच दोन निकालांवर धंदा करत होती. नव्या कायद्यात कौशल्य असो, नशीब असो, दोन्ही मिळून असो, पैसे किंवा दुसरं काही लावून जिंकायच्या आशेने खेळलं की तो मनी गेम.

तुमचं घोडं अडतं ते "दुसरं काही"वर. त्यात कायद्याने क्रेडिट, कॉइन, टोकन असं सगळं घेतलंय, खरं किंवा आभासी, जे पैसे देऊन विकत घेतलंय ते. म्हणजे तुमच्या चिप्स या व्याख्येत येऊ शकतात. मग राहतं ते जिंकल्यावर मिळतं काय. तिथे पैशाचा आणि इतर लाभ असं लिहिलंय. तुम्ही म्हणता पैसे बाहेर जात नाहीत म्हणजे लाभ नाही. समोरचा म्हणेल, जिंकलेल्या चिप्स नसत्या तर त्या तुमच्याचकडून विकत घ्याव्या लागल्या असत्या, मग तो लाभ नाही तर काय? दोन्ही बाजू मांडता येतात. म्हणूनच दोन वकील दोन उत्तरं देतायत, त्यात त्यांची चूक नाही.

मी मात्र तुम्हाला तिसरीच गोष्ट विचारतो. तुमच्या गेममध्ये मित्राला चिप्स गिफ्ट करायचं बटण आहे का? असेल तर पैसे बाहेर जात नाहीत हे तुमचं वाक्यच खोटं ठरतं, तुम्हाला माहीत नसताना. कारण टेलिग्रामवर चिप्स विकणारे बसलेले असतात, कोटीच्या चिप्सला इतके रुपये असा रेट टाकतात, यूपीआयवर पैसे घेतात आणि गेममध्ये टेबलवर मुद्दाम हरून किंवा गिफ्ट मारून चिप्स पोचवतात. जिंकणारा त्याच एजंटला चिप्स परत विकतो. झाला की पैसा बाहेर. तुमच्या बँक खात्यात काहीच दिसत नाही पण तपास करणाऱ्याला ते बटण दिसतं. आज रात्री पहिलं काम, गिफ्टचं बटण बंद करा, आणि एकाच खात्याकडून वारंवार मोठे डाव हरणारी खाती शोधा.

त्यानंतर पुढचं. चिप्स विकणं थांबवून रोजच्या फुकट चिप्स आणि जाहिराती, किंवा महिन्याचा पास ज्यात टेबलचं डिझाइन, अवतार, इमोजी मिळतात पण डावात लावता येईल असं काही मिळत नाही, या दिशेने जा. सोशल गेमला सबस्क्रिप्शन किंवा एकदाच घेतलेली फी चालते असं कायद्यातच आहे, फक्त ती पैज नको. कमाई कमी होईल, खोटं बोलत नाही. पण मनी गेम चालवल्याची शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात केली तर दोन वर्षं आणि 50 लाखांपर्यंत, आणि पैशाचे व्यवहार करून देणाऱ्या बँका-गेटवेंनाही तीन वर्षं. चालवणं आणि व्यवहार करून देणं हे तर अजामीनपात्र. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका सप्टेंबर 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने स्वतःकडे घेतल्यात, पण त्या भरवशावर धंदा चालू ठेवायचा सल्ला मी तरी देणार नाही.

प्रश्न : एवढा टॅक्स मिळत होता तर सरकारने पैशाचे गेम बंद कशाला केले? (सिन्नरच्या एका काकांचं पत्र)

काका, टॅक्स घेऊन घेऊनच आधी दमवलं होतं म्हणा. 1 ऑक्टोबर 2023 पासून खेळणाऱ्याने भरलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी लागला, आधी कंपन्या फक्त त्यांच्या कमिशनवर 18 टक्के भरायच्या. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटीचे दर बदलले तेव्हा या प्रकाराला 40 टक्क्यांच्या खान्यात टाकलं, तेही बंदीनंतर महिनाभराने, गंमतच. बंगळुरूच्या एका रमी कंपनीला 2022 मध्येच 21 हजार कोटींची नोटीस गेली होती. बंदीच्या वेळी सरकारने संसदेत सांगितलेला अंदाज असा की 45 कोटी लोक यात वर्षाला 20 हजार कोटी घालवतात. कर्ज, आत्महत्या, या गोष्टी प्रत्येक राज्यात चर्चेत होत्या. आपल्या जिल्ह्यातले तेव्हाचे कृषिमंत्री तर बंदीच्या आदल्याच महिन्यात, जुलैमध्ये सभागृहातल्या मोबाइलच्या व्हिडिओवरून अडचणीत आले होते, त्यांनी आपण रमी खेळत नव्हतो असं सांगितलं, खातं मात्र बदललं. तुमच्याच तालुक्यातली गोष्ट, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल!

पण बंदीचा मार साध्या गेमवाल्यांना पण बसला, त्याबद्दल कुणी लिहीत नाही. जाहिरातींचा मोठा पैसा त्याच कंपन्यांचा होता, आयपीएलपासून छोट्या अ‍ॅपमधल्या बॅनरपर्यंत. ड्रीम इलेव्हनने पैशाच्या स्पर्धा बंद केल्या, टीम इंडियाच्या जर्सीवरून नाव गेलं, त्या जागी टायर कंपनी आली. त्यांच्याकडे युनिटी (गेम बनवायचं इंजिन, म्हणजे सॉफ्टवेअर) शिकलेली, आर्ट करणारी, सर्व्हर सांभाळणारी पोरं होती, ती एकदम बाजारात आली. आणि आता पेमेंट गेटवेवाल्याला "गेम" शब्द दिसला की तो दहा कागद जास्त मागतो, कारण चुकला तर जेल त्यालाही आहे. शेतीचा गेम असो की कोडी, सगळ्यांनाच.

प्रश्न : कॉलेज रोडला माझा गेमिंग कॅफे आहे. बीजीएमआयची (पबजीचं भारतातलं रूप) टुर्नामेंट घ्यायचीय, 64 टीम, प्रत्येकी 400 रुपये एंट्री, जमलेल्या पैशातून पहिल्या तिघांना बक्षीस. यात काही लफडं नाही ना?

आहे. एंट्रीचे 25,600 जमवून त्यातूनच बक्षीस वाटणं म्हणजे सगळ्यांनी पैसे लावले आणि जिंकणारा घेऊन गेला, असंच दिसतं, तुम्ही त्याला काहीही नाव द्या. ई-स्पोर्ट्सला कायद्यात एंट्री फी आणि बक्षीस दोन्हीला जागा आहे, पण फी ही स्पर्धेत भाग घ्यायला किंवा आयोजनाचा खर्च भागवायला, आणि तो खेळ राष्ट्रीय क्रीडा कायद्याखाली मान्य झालेला आणि गेमिंगच्या प्राधिकरणाकडे नोंदलेला हवा. कॅफेतली टुर्नामेंट आपोआप त्यात बसत नाही.

तुमच्यासाठी सरळ मार्ग म्हणजे एंट्री फुकट किंवा हॉल-इंटरनेटच्या खर्चापुरती, त्याची पावती, आणि बक्षीस स्पॉन्सरच्या पैशातून. गंगापूर रोडवर चष्म्याचं दुकान, बाइक शोरूम, मिसळवाला, कुणीही देईल, पोरांची गर्दी त्यांना हवीच असते. बक्षिसाची रक्कम मोठी असेल तर टीडीएसचं विचारून घ्या. आणि गेमच्या कंपनीची परवानगी, ही लोक घेतच नाहीत. गेम त्यांचा, त्याच्यावर तिकीट लावून स्पर्धा घ्यायचा हक्क तुमचा नाही, बाहेरच्यांच्या स्पर्धांसाठी त्यांचे नियम ठरलेले असतात, ते वाचून अर्ज करा.

एकाच गेमवर कॅफे उभा करू नका हेही सांगतो. पबजी मोबाइल 2 सप्टेंबर 2020 ला बंद झाला, बीजीएमआय 2021 मध्ये आला, जुलै 2022 मध्ये स्टोअरवरून गायब आणि मे 2023 मध्ये परत, तोही आधी तीन महिन्यांच्या ट्रायलवर. त्या दहा महिन्यांत ज्यांनी स्पर्धांसाठी हॉल बुक केले होते त्यांचं काय झालं ते कुणालाही विचारा.

प्रश्न : माझा मुलगा सातवीत आहे. त्याने एका गेममध्ये दोन आठवड्यांत जवळपास 14 हजार घालवले, यांच्या फोनवरून. गेम कंपनी मेलला उत्तर देत नाही. पैसे परत मिळतील का? (पंचवटी)

ताई, आधी पोराला ओरडणं थांबवा आणि बँकेचं स्टेटमेंट काढा. प्रत्येक एंट्रीसमोर पैसे कुणाला गेले ते नाव बघा. गुगल प्लेचं नाव असेल तर मार्ग आहे. 48 तासांच्या आतली खरेदी असेल तर प्लेमधून रिफंड मागता येतो, आणि घरातल्या कुणी चुकून केलेली असेल तरी प्लेच्या वेबसाइटवरून रिफंड मागता येतो. 120 दिवसांपर्यंत कळवायची सोय आहे ती मात्र तुम्ही किंवा ओळखीच्या कुणीही न केलेल्या, अनोळखी माणसाच्या खरेदीसाठी. इथे खरं काय ते लिहा. मुलाने केली असेल तर मुलाने केली असंच लिहा, "फोन हॅक झाला" असं लिहिलं तर नंतर फोनवरच्याच नोंदींवरून ते उघडं पडतं. पूर्ण 14 हजार येतील असं सांगत नाही, पण लवकर कराल तितकं बरं.

स्टेटमेंटवर भलत्याच वेबसाइटचं नाव दिसलं तर ती स्वस्तात डायमंड देणारी टॉप-अपची साइट असते, तिथे गुगल काही करू शकत नाही. फसवणूक वाटली तर सायबर हेल्पलाइन 1930 वर लगेच, साधी तक्रार असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915.

कायद्याने 18 च्या आतल्या मुलाचा करारच होत नाही, हे 1872 च्या करार कायद्यात आहे आणि 1903 पासून निकालही आहे. पण खातं वडिलांचं, पिन वडिलांचा, मग समोरचा म्हणतो करार वडिलांशी झाला. त्यामुळे कोर्टापेक्षा फोनमधलं सेटिंग जास्त कामाचं, प्लेमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड विचारायचं चालू करा, मुलाचं वेगळं खातं गुगलच्या फॅमिली लिंकवर (पालकांच्या ताब्यात राहणारं).

हे उत्तर गेम बनवणाऱ्यांनी पण वाचा. 2023 चा डेटा संरक्षण कायदा 18 च्या आतल्या सगळ्यांना मूल धरतो (अमेरिकेत हाच आकडा 13 आहे), पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो आणि मुलांचा माग काढून जाहिराती दाखवायला बंदी घालतो, चुकलं तर 200 कोटींपर्यंत दंड. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्यांना 18 महिन्यांची मुदत आहे, म्हणजे 2027 चा मे धरा. शिवाय नोव्हेंबर 2023 पासून 13 प्रकारच्या डार्क पॅटर्नवर (ग्राहकाला गंडवणाऱ्या रचनांवर) बंदी आहे. "फक्त 10 मिनिटं बाकी" असं घड्याळ फिरवायचं आणि संपल्यावर परत सुरू करायचं, हे त्यातलंच एक. फोर्टनाइट बनवणाऱ्या एपिक गेम्सला अमेरिकेत 2022 मध्ये मुलांचा डेटा आणि फसव्या बटणांपायी 52 कोटी डॉलर मोजावे लागले, ते उगाच नाही.

प्रश्न : 2027 च्या कुंभमेळ्यावर गेम बनवतोय. नाव ट्रेडमार्क करता येईल का? आणि कुणी कॉपी केला तर?

"कुंभमेळा" एकट्या शब्दावर हक्क मिळेल असं धरू नका, तो सगळ्यांचा आहे. पुढे-मागे स्वतःचं काही जोडा आणि त्याचा अर्ज क्लास 9 आणि 41 मध्ये करा. सरकारी लोगो, आखाड्यांची चिन्हं, महंतांचे फोटो वापरू नका. धार्मिक भावना दुखावण्याचं कलम आहेच, ते मुद्दाम अपमानाला लागतं, पण गुन्हा दाखल झाला की स्टोअर आधी गेम काढतं आणि मग विचार करतं. आणि जास्त कॉइन देऊन रामकुंडावर आधी स्नान, असलं काही टाकणार असाल तर कृपया नको, कायदा बाजूला ठेवला तरी नको!

कॉपीचं म्हणाल तर खेळाच्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, कोड, चित्रं, आवाज यांच्यावर असतो. 2014 मध्ये थ्रीज नावाचा आकड्यांचा गेम आला, बनवणाऱ्यांनी वर्षापेक्षा जास्त घालवलं होतं, महिन्याभरात 2048 आला आणि जगभर तोच खेळला गेला, फुकट होता ना. ध्वजारोहण 31 ऑक्टोबर 2026 ला आहे, त्याच्या आधी बाजारात या, तुमच्याकडे वेळेचीच काय ती आघाडी.

प्रश्न : इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहोत. परदेशातल्या एका पब्लिशरने आमच्या गेमसाठी कॉन्ट्रॅक्ट पाठवलंय, नफ्यात 50-50. सही करू का?

नफा म्हणजे काय ते कुठल्या पानावर लिहिलंय ते आधी बघा. बहुतेक कॉन्ट्रॅक्टमध्ये स्टोअरचं कमिशन, टॅक्स आणि पब्लिशरने जाहिरातींवर केलेला खर्च वजा करून जे उरेल त्याचे 50-50 असतात, आणि तो जाहिरात खर्च किती करायचा ते तोच ठरवतो. म्हणजे गेमने कोटी कमावले तरी तुमच्या वाट्याला शून्य येऊ शकतं, आणि कागदोपत्री ते बरोबर असतं. खर्चाला मर्यादा लिहून घ्या, किंवा दरमहा ठरलेली किमान रक्कम मागा. हिशोब तपासायचा हक्क मागा. सहा महिन्यांत गेम आणला नाही तर हक्क तुमच्याकडे परत, हे लिहून घ्या, कारण टेस्ट फसली की पब्लिशर गेम कपाटात ठेवतो आणि तुम्हाला दुसरीकडे देताही येत नाही. गेम स्टोअरवर कुणाच्या खात्यात राहणार तेही विचारा, त्यांच्या खात्यात गेला तर रिव्ह्यू, रेटिंग, खेळणारे सगळे त्यांचे.

आणि इंजिनचं लायसन्स कुणाच्या नावावर आहे ते पण. युनिटीने 12 सप्टेंबर 2023 ला प्रत्येक इन्स्टॉलमागे फी लावायचं जाहीर केलं, बनवणाऱ्यांनी बोंब मारली आणि वर्षभराने ती रद्द झाली. असली फी उद्या परत आली तर ती कोण भरणार, तुम्ही की पब्लिशर, याची एक ओळ आताच टाकून घ्या. पब्लिशर नाही म्हणाला तर मला कॉन्ट्रॅक्टचं ते पान पाठवा, फक्त पान, कंपनीचं नाव झाकून. आणि भारतातच बघायचं असेल तर लुडो किंग नवी मुंबईचा आहे, इंडस आणि राजी हे गेम बनवणारे पुण्याचे, त्यांच्या टीममधले लोक इव्हेंटला येतात, सही करायच्या आधी त्यांच्यातल्या एखाद्याला गाठून कॉन्ट्रॅक्टमधल्या वजावटींबद्दल विचारा.